ल्यों, सिंह आणि एक 'उ' : एका फ्रेंच शहराच्या नावाचं प्रकरण

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्याकडे घरी फ्रेंच शिकायला चार-पाच मुलं येतात, त्यातला एक अकरावीतला, फुटबॉलचा प्रचंड नाद असलेला, त्या दिवशी ल्योंच्या क्लबची जर्सी घालून आला होता. छातीवर लोगो, लोगोत सिंह. मला म्हणाला, "ताई, ल्यों म्हणजे सिंहच ना? फ्रेंचमध्ये सिंहाला जे म्हणतात त्याचा उच्चार आणि शहराचा उच्चार सेम टू सेम आहे, आपण कालच केलं." मी दुसऱ्या मुलीची वही तपासत होते, त्या नादात "हो" म्हणून गेले.

रात्री ते आठवलं आणि झोप उडाली. कारण मला माहीत होतं की सोळाव्या शतकात ल्यों हे छपाईचं मोठं केंद्र होतं आणि तिथं छापलेल्या जुन्या लॅटिन पुस्तकांवर गावाचं नाव 'लुगदूनी' असं असतं, म्हणजे 'लुगदूनुममध्ये छापलेलं'. लुगदूनुम आणि सिंह यांचा काय संबंध? लॅटिनमध्ये सिंह म्हणजे लेओ. शिकवणाऱ्या माणसाने न बघता "हो" म्हणणं बरोबर नाही, तर मग नीट बघू म्हटलं. पुढचे दोन आठवडे जे काय केलं ते इथं सगळं लिहितेय, कारण एका गावाच्या नावाचा तपास कसा करतात हे या एका केसमध्ये जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठं दिसलेलं नाही.

पहिला नियम असा की आजच्या नावाकडे बघायचंच नाही. आजचं नाव हे दोन हजार वर्षं लोकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेलं असतं. जुन्यात जुनं लिहिलेलं रूप कुठं सापडतंय ते आधी शोधायचं. ल्योंच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, कारण हे गाव रोमन लोकांनी इ.स.पू. ४३ मध्ये वसवलं आणि ते वसवणाऱ्या माणसाचं थडगं अजून उभं आहे. लुकिउस मुनातिउस प्लांकुस त्याचं नाव. सीझरचा सरदार, सीझरचा खून झाल्यावर रोमच्या सिनेटने त्याला वसाहत उभारायला सांगितली, शेजारच्या व्हिएन या गावातून तिथल्या अलोब्रोजेस टोळीने हाकलून दिलेले रोमन लोक होते, त्यांची सोय लावायची होती. प्लांकुसचं थडगं इटलीत गाएता गावाजवळ टेकडीवर आहे, गोल, दगडी, आणि दारावर त्याने आयुष्यात काय काय केलं ते कोरलंय. त्यात ओळ आहे की गॉलमध्ये, म्हणजे आजचा फ्रान्स आणि त्याच्या आसपासच्या भागात, याने दोन वसाहती वसवल्या, 'लुगुदूनुम' आणि 'राउरिका'.

लुगुदूनुम. लुगदूनुम नाही. मध्ये एक जास्तीचा 'उ' आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या 'उ' वरून सरळ पुढे गेले, आणि पुढे सगळी केस त्याच एका अक्षरावर येऊन थांबली.

हा कोरणाऱ्याचा हात घसरला असेल असं म्हणायलाही जागा नाही. मार्क अँटनीने साधारण याच सुमाराला, इ.स.पू. ४३-४२ मध्ये, ल्योंला छोटी चांदीची नाणी पाडली, त्यांच्यावर 'लुगुदूनी' असंच आहे, 'उ' सकट. आणि दियो कास्सिउस नावाचा ग्रीक भाषेत लिहिणारा रोमन इतिहासकार, अडीचशे वर्षांनी, स्वतःच सांगतो की या गावाला तेव्हा लुगुदूनुम म्हणायचे, आता लुगदूनुम म्हणतात. म्हणजे 'उ' गळाला ते त्या काळातल्या लोकांच्याही लक्षात आलं होतं. दगड, नाणं आणि इतिहासकार, तिघं एकच सांगतात.

गंमत म्हणजे त्याच नाण्यावर सिंह पण आहे! चालणारा सिंह, आणि त्याच्याभोवती लुगुदूनी. हे नाणं बघितल्यावर माझी जरा धांदलच उडाली, वाटलं पोरगं बरोबर होतं की काय. पण नाण्यावर त्याच बाजूला आणखी एक गोष्ट आहे, ४० हा आकडा, आणि तो अँटनीचं वय मानतात, पुढच्या वर्षीच्या नाण्यावर ४१ आहे. सिंहही अँटनीचंच चिन्ह मानला जातो. आणि मुख्य म्हणजे त्या काळात 'लुगुदूनुम' आणि 'लेओ' हे दोन शब्द कानाला एकमेकांसारखे लागतच नव्हते. एकसारखे लागायला आणखी हजार वर्षं जायची होती. म्हणून त्या नाण्यावरचा सिंह आणि आजच्या लोगोतला सिंह यांच्यात नावाचा धागा नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. जो पुरावा आपल्याला हवा तेच बोलतोय असं वाटतं त्याला दोनदा विचारावं लागतं, हे मी तिथं शिकले.

आता नावाचे दोन तुकडे करू. लुगु आणि दूनुम. दुसरा तुकडा सोपा आहे, आणि सोपा आहे कारण तो एकटा नाही. शेवटचं 'उम' हे लॅटिन शेपूट, मूळ गॉलिश शब्द दूनोन. गॉलिश म्हणजे रोमन यायच्या आधी फ्रान्समध्ये बोलली जाणारी केल्टिक भाषा. दूनोन म्हणजे तटबंदीचं ठिकाण, गड, कोट. आयरिशमध्ये आजही दून म्हणजे किल्ला. इंग्रजीतला टाउन आणि जर्मनमधला कुंपण या अर्थाचा त्साउन, हे याच गोतावळ्यातले. आणि फ्रान्सचा नकाशा काढला की दूनोन सगळीकडे पेरलेलं दिसतं. पहिल्या महायुद्धातलं व्हेर्दँ म्हणजे विरोदूनुम. आल्प्समधलं आंब्रँ म्हणजे एबुरोदूनुम. पॅरिसजवळचं मलँ म्हणजे मेलोदूनुम. स्वित्झर्लंडमधलं न्यों म्हणजे नोव्हिओदूनुम, 'नवा गड'. ओतँ म्हणजे ऑगुस्तोदूनुम, 'ऑगस्टसचा गड', आणि हे मला फार आवडतं, कारण यात पुढे रोमन सम्राट आहे आणि मागे गॉलिश दूनोन, म्हणजे रोमन राज्य आल्यावरही लोकांच्या तोंडात दूनोन जिवंत होतं, नवीन गावाला नाव देताना तेच आलं. आपल्याकडे जसं कुठल्याही राजाचं नाव घ्या आणि पुढे -गड लावा, तसं.

ल्योंची जागाही तशीच आहे. सोन आणि रोन या दोन नद्यांचा संगम, आणि सोनच्या पश्चिमेला फुर्व्हिएरची टेकडी सरळ उभी. रोमन वसाहत त्या टेकडीवर होती, खाली नाही. तिथलं रोमन थिएटर आजही आहे, उन्हाळ्यात तिथं कार्यक्रम होतात. गड म्हणायला जागा अगदी योग्य.

पण दूनुम होतं तर आज ल्योंमध्ये 'द' कुठं गेला? व्हेर्दँमध्ये तर राहिलाय. इथं मात्र मराठी माणसाला फार कष्ट पडत नाहीत, कारण आपल्या भाषेतही हेच झालंय. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेलं मऊ व्यंजन गळतं. प्राकृतच्या व्याकरणात वररुचीने हा नियमच दिलाय की क, ग, च, ज, त, द, प, य, व हे स्वरांच्या मध्ये आले की बहुतेक वेळा लोप पावतात. म्हणून नगरचं णअर आणि त्याचं -नेर झालं, संगमनेर, अंमळनेर. पादचा पाय झाला. लॅटिनपासून फ्रेंच होतानाही तेच, लॅटिन नूदुस म्हणजे उघडा, फ्रेंचमध्ये नुसता न्यु उरला, 'द' गेला. आता विरोदूनुममध्ये मधला 'ओ' आधी पडला, विरदूनुम झालं, 'द' च्या आधी 'र' आला, म्हणून 'द' वाचला. मेलोदूनुममध्ये 'ओ' पडला नाही, 'द' दोन स्वरांत अडकला, गेला, मलँ झालं. ल्योंमध्ये मधला 'उ' पडला हे दियोने सांगितलंच, मग 'ग' आणि 'द' शेजारी आले, पण 'ग' विरघळून 'य' सारखा झाला, त्यामुळे 'द' पुन्हा उघडा पडला आणि गेला, शेवटचं 'उम' तर सगळीकडेच गेलं. उरलं ल्यों. नावातला तो 'य' म्हणजे जुन्या 'ग' ची राख आहे असं मी मुलांना सांगते, ढोबळ आहे पण लक्षात राहतं.

आणि उत्तरेकडे लाँ नावाचं आणखी एक गाव आहे, सपाट मैदानातून एकदम वर आलेल्या टेकडीवर, मोठं कॅथेड्रल असलेलं. त्याचंही जुनं नाव लुगदूनुमच! एकाच नावाची दोन पोरं, एक ल्यों झालं, एक लाँ. पिरेनीजच्या पायथ्याशी सँ-बेर्त्राँ-द-कोमँज आहे, तेही लुगदूनुम होतं, 'कोन्व्हेनाए लोकांचं लुगदूनुम'. हॉलंडमधलं लायडन मात्र यात धरू नका. तिथल्या विद्यापीठाच्या जुन्या पुस्तकांवर 'लुगदूनुम बाताव्होरुम' असं असतं, पण ते नाव विद्वान लोकांनी नंतर उचलून लायडनला चिकटवलं, खरं रोमन लुगदूनुम तिकडे समुद्रकाठी कात्वाइकजवळ होतं. लायडनच्या मूळ नावाचा लुगूशी काही संबंध नाही. विद्वानांनी केलेली चूक जास्त टिकते कारण ती छापली जाते.

आता अवघड अर्धा भाग. लुगु म्हणजे काय?

यावर दोन हजार वर्षं लोक उत्तरं देतायत. सगळ्यात जुनं उत्तर कावळ्याचं आहे. प्लुटार्कच्या नावावर खपवलेलं, पण त्याने न लिहिलेलं, नद्यांवरचं एक ग्रीक पुस्तक आहे, त्यात गोष्ट येते की मोमोरोस आणि आतेपोमारोस असे दोघं राज्यातून हाकलले गेले, देववाणीप्रमाणे या टेकडीवर गाव वसवायला आले, पाया खणायला सुरुवात केली तर अचानक डोमकावळे आले आणि आजूबाजूची झाडं भरून टाकली. मोमोरोसला शकुन कळायचा, त्याने गावाला लुगदूनुम नाव दिलं, कारण त्यांच्या भाषेत कावळ्याला लूगोस म्हणतात आणि उंच जागेला दूनोन. गोष्ट देखणी आहे. रोन नदीच्या खोऱ्यात रोमन काळातली मातीची पदकं सापडलीत, त्यांवर ल्योंच्या रक्षक देवतेजवळ पक्षी दिसतो, म्हणजे तेव्हाच्या ल्योंच्या लोकांनाही ही गोष्ट माहीत असावी. पण एक अडचण आहे, केल्टिक भाषांत कावळ्याला ब्रान म्हणतात, आयरिशमध्ये, वेल्शमध्ये, ब्रेटनमध्ये, सगळीकडे ब्रान. लूगोस म्हणजे कावळा असं या एका गोष्टीबाहेर कुठंच नाही. जो शब्द फक्त आपल्याला हव्या त्या गोष्टीतच सापडतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मग नवव्या शतकात ओसेरचा एरिक नावाचा साधू लॅटिन कवितेत लिहितो की गॉल लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ 'उजळ डोंगर' आहे. त्याच्या डोक्यात लॅटिन लुक्स, म्हणजे उजेड, होता हे उघड आहे. पण उजेडाचा तो धातू 'क' चा आहे, 'ग' चा नाही. संस्कृतमध्ये तोच धातू रुच् होतो, रोचते, रुची. आणि केल्टिकमध्ये 'क' तसाच राहतो, इंग्लंडमध्ये बाथला आणि जर्मनीत माइंझला लूकेतिउस नावाच्या देवाचे शिलालेख आहेत, चमकणारा देव, त्यात 'क' ठणठणीत आहे. म्हणून उजेड बाद. व्हिएन्नाच्या ग्रंथालयातल्या एका मध्ययुगीन हस्तलिखितात गॉलिश शब्दांची छोटी यादी आहे, त्यात लुगदूनोचा अर्थ 'हवाहवासा डोंगर' दिलाय आणि पुढे म्हटलंय की दूनुम म्हणजे डोंगर. दूनुमबद्दल त्याची साक्ष घ्यायला हरकत नाही, ती इतर पुराव्यांशी जुळते. 'हवाहवासा' मात्र कुठंच जुळत नाही.

आता 'उ' कडे येऊ. इथं मला शाळेतलं संस्कृत उपयोगी पडेल असं आयुष्यात वाटलं नव्हतं.

समास करताना पहिल्या शब्दाचं अंग जसं आहे तसं राहतं. देव हा अकारान्त, म्हणून देवकुल. गुरु हा उकारान्त, म्हणून गुरुकुल. गुरकुल नाही, गुरोकुल नाही. मधुमास, साधुवृत्ती, सगळीकडे तो 'उ' समासात टिकून बसतो. केल्टिक ही संस्कृतची लांबची बहीण, तिथंही नेमकं हेच चालतं. फक्त आपल्या अकारान्ताच्या जागी तिकडे ओकारान्त असतो. आता वरची नावं पुन्हा वाचा. विरोदूनुम, एबुरोदूनुम, मेलोदूनुम, नोव्हिओदूनुम, ऑगुस्तोदूनुम. सगळीकडे जोडात 'ओ' आहे, कारण पहिले शब्द ओकारान्त आहेत. आणि आपलं? लुगु-दूनुम. जोडात 'उ'. म्हणजे पहिला शब्द उकारान्त हवा. लूगोस म्हणजे कावळा असता तर गावाचं नाव लुगोदूनुम झालं असतं. कावळा तिथंच उडाला.

उकारान्त, लुगु-, असा कोण आहे? लुगूस. केल्टिक देव. आयरिश पुराणकथांमधला लुग, ज्याला सगळ्या कला येतात, सुतारकाम, लोहारकाम, वीणा, युद्ध, वैद्यकी. जुन्या आयरिशमध्ये लुग हा शब्द उकारान्तासारखाच चालतो. स्पेनमध्ये तेरुएलजवळ पेन्याल्बा दे व्हियास्तार इथं कड्यावर केल्टिबेरियन, म्हणजे तिथल्या जुन्या केल्टिक, भाषेत लेख कोरलेत, तिथं 'लुगुएइ' आलंय, आणि ते लुगूसची चतुर्थी म्हणून वाचतात, म्हणजे 'लुगूसला'. स्पेनमध्येच ओस्मा इथं एक लॅटिन शिलालेख आहे, 'लुगोव्हेस' या अनेकवचनी देवांना वाहिलेला, आणि तो भेट म्हणून दिलाय चांभारांच्या संघाला! कारागिरांचा देव, बरोबर बसतं. आणि इंग्लंडमधलं कार्लाइल, त्याचं रोमन नाव लुगुव्हालिउम, तिथंही 'लुगु', मधला 'उ' जागेवर. सीझर लिहून गेलाय की गॉल लोक सगळ्यात जास्त मर्क्युरीला पूजतात, तो सगळ्या कलांचा शोधक आहे असं ते मानतात. रोमन लोकांना परका देव दिसला की ते त्याला आपल्या देवाचं नाव द्यायचे, तर सीझरचा हा मर्क्युरी म्हणजे लुगूसच, असं एकोणिसाव्या शतकात दार्ब्वा द जुबेंव्हिल या फ्रेंच अभ्यासकाने मांडलं, आणि लुगुदूनुम म्हणजे लुगूसचा गड हे तेव्हापासून बहुतेक पुस्तकांत आहे.

इथं थांबून टाळ्या वाजवाव्यात असं वाटत होतं पण मी विरुद्ध बाजूचंही वाचलं, आणि ते वाचल्यावर माझा आवाज थोडा खाली आला.

एक म्हणजे ल्योंमध्ये खुद्द लुगूसच्या नावाचा शिलालेख मिळालेला नाही. ज्याच्या नावाने गाव, त्याचं तिथं नाव नाही, हे खटकतं. दुसरं, लोक एक जोरदार पुरावा म्हणून सांगतात की ऑगस्टसच्या काळात ल्योंच्या संगमाजवळ तीन गॉल प्रांतांची मोठी वेदी उभारली, तिचा उत्सव १ ऑगस्टला, आणि आयर्लंडमध्ये लुगचा सण लुगनसद पण १ ऑगस्टला! सम्राट क्लॉडियसचा जन्म ल्योंमध्ये इ.स.पू. १० मध्ये झाला तोही १ ऑगस्टलाच. ऐकायला भारी. पण ऑगस्टसने अलेक्झांड्रिया जिंकलं ती तारीख पण १ ऑगस्ट, इ.स.पू. ३०. सम्राटाच्या नावाने वेदी बांधायची तर त्याच्या सगळ्यात मोठ्या विजयाची तारीख निवडतील, त्याला आयरिश सणाची गरज काय? हा पुरावा मी बाजूला ठेवलाय. तिसरं, लुगे असा शब्द क्लेरमों-फेराँजवळ शामालिएर इथं १९७१ मध्ये सापडलेल्या शिशाच्या पत्र्यावर पुन्हा पुन्हा येतो, काही जण त्याचा अर्थ 'शपथेने' असा लावतात, आयरिशमध्ये शपथेला तसाच शब्द आहे. मग लुगुदूनुम म्हणजे 'शपथेचा गड', टोळ्या जिथं एकत्र येऊन करार करतात ती जागा, असं कोणी म्हटलं तर ते अगदीच अशक्य नाही. चौथं, आणि हे माझ्या लाडक्या 'उ' वरच येतं, दोन्ही बाजूंना 'उ' असले तर मधला 'ओ' त्यांच्या संगतीने 'उ' होऊ शकतो. लु-गो-दू चं लु-गु-दू. बोलताना असं होतं, सगळ्या भाषांत होतं.

या चौथ्या आक्षेपावर मी बराच वेळ अडले होते. पण कार्लाइलच्या लुगुव्हालिउममध्ये पुढे 'दू' नाहीच, 'व्हा' आहे, तरी 'उ' आहे. आणि पेन्याल्बाच्या कड्यावर तर समासच नाही, एकटा शब्द आहे, तिथंही 'उ'. तीन वेगळ्या देशांत तीन वेगळ्या जागी तोच 'उ'. म्हणून माझा निकाल असा : दूनुम म्हणजे गड हे पक्कं, याच्यावर वाद नाही. लुगु हा उकारान्त शब्द आहे हे जवळजवळ पक्कं. तो लुगूस देवच आहे हे बहुधा, आणि 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम ठेवतेय, कारण शिकवताना मी तो एकदा गाळला आणि मग त्याच मुलाने पुढच्या वर्गात "सिद्ध झालंय" म्हणून सांगितलं.

नाव रोमन लोकांच्या आधीचं आहे याला आणखी एक आधार आहे. रोमन लोकांनी वसाहतीला त्यांचं लॅटिन नाव पण दिलं होतं, कोपिया, म्हणजे समृद्धी. पुढे क्लॉडियसच्या काळात लांबलचक, कोलोनिया कोपिया क्लाउदिया ऑगुस्ता लुगदूनुम. सगळी सरकारी विशेषणं गेली, उरलं ते मागचं गॉलिश नाव. लोकांनी तेच धरून ठेवलं. नवीन नाव वरून दिलं आणि ते टिकलं नाही असं ल्योंचं पुन्हा एकदा झालं, १७९३ मध्ये. शहराने पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध बंड केलं, वेढा पडला, शहर पडलं, आणि १२ ऑक्टोबरला हुकूम निघाला की श्रीमंतांची घरं पाडा आणि शहराचं नावच पुसून टाका. स्मारक उभारून त्यावर लिहा : ल्योंने स्वातंत्र्याविरुद्ध युद्ध केलं, ल्यों आता नाही. नवीन नाव 'मुक्त केलेलं शहर'. हजारावर माणसं मारली गेली त्या महिन्यांत. एका गावाचं नाव घेणंच बंद करायचं, ही शिक्षा मला फार क्रूर वाटते, घर पाडण्यापेक्षाही. पुढच्याच वर्षी, १७९४ मध्ये, नाव परत आलं.

आणि फुर्व्हिएर, ती टेकडी! तिचं नाव म्हणजे फोरुम व्हेतुस, जुना बाजारचौक. लोक खाली नदीकाठी राहायला उतरले, वरचा रोमन चौक मोडकळीला आला, आणि 'जुना चौक' हेच टेकडीचं नाव झालं. आपल्याकडे जुन्नर म्हणजे जीर्णनगर म्हणतात ना, तसंच. एकाच टेकडीवर दोन नावं, एक गॉलिश काळातलं, एक रोमन काळ संपल्यानंतरचं.

राहिला सिंह. तो कुठून आला? कानातून. मध्ययुगात फ्रेंच उच्चारात शहर आणि प्राणी एकसारखे झाले, आणि शहराच्या चिन्हावर सिंह बसला, लाल जमिनीवर चंदेरी सिंह, वर निळ्या पट्टीत तीन सोनेरी लिली. नावाशी उच्चाराने जुळणारं चित्र ढालीवर काढायची पद्धत युरोपात फार होती. म्हणजे सिंहामुळे नाव नाही, नावामुळे सिंह आला.

दोन आठवड्यांनी वर्गात मी सगळ्यात आधी सांगितलं की मी चुकीचं सांगितलं होतं. मग फळ्यावर गुरुकुल लिहिलं, देवकुल लिहिलं, खाली विरोदूनुम आणि लुगुदूनुम. जर्सीवाला मुलगा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "ताई, पण बॉम्बेचं पण असंच सांगतात ना, पोर्तुगीजांनी बॉम बाईया म्हटलं, चांगली खाडी, म्हणून बॉम्बे." मी म्हटलं, बघ बरं, पोर्तुगीजमध्ये खाडी स्त्रीलिंगी आहे. तर चांगली हे विशेषण कसं होईल? त्याने थोडा विचार केला, फ्रेंचमधलं बों आणि बॉन त्याला येत होतंच, आणि म्हणाला, "बोआ. बोआ बाईया व्हायला पाहिजे. बॉम बसतच नाही." मग मुंबई आई, मुंबादेवी, हे त्यानेच पुढे सांगितलं.

रात्री त्याचा मेसेज आला. नकाशात त्याला लूदूं नावाचं एक फ्रेंच गाव सापडलं होतं, पश्चिमेकडे, आणि ते पण लुगुदूनुम असेल का असं विचारलं होतं. त्याच्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, तेव्हा मी त्याला एवढंच लिहिलं की आधी जुन्यात जुनं लिहिलेलं रूप शोध आणि मधे कुठला स्वर आहे ते मला कळव.